भिवाजीच्या राजाची उडी

भिवाजीला बुद्धिबळात धीर म्हणून नव्हता. डाव मांडून हात पुसेपर्यंत त्याचा वजीर आणि दोन्ही घोडे माझ्या दारात. आमच्या गावठी खेळात राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता येते, तीही पहिला शह बसायच्या आत. भिवाजी आपल्या राजाला आधी उडी मारून कोपऱ्यात बसवायचा, मग घाईने शह देऊन माझ्या राजाची उडी घालवायचा. माझा राजा जन्मभर घरातच मेला. मिशा फुटल्यापासून खेळतोय, पण त्याच्यावर मात करणं मला कधी जमलं नाही, आणि हे त्याने अख्ख्या कडाव गावाला सांगून ठेवलं होतं.

बायको गेल्यावर तो एकटा पडला. मुलगा विठू मोहोपाड्याच्या कारखान्यात, तिथेच कॉलनीत त्याला दोन खोल्या मिळालेल्या. म्हैस विका आणि चला, म्हणून तो सुट्टीला येऊन बापाच्या मागे लागायचा. एकदा भिवाजी वैतागून माझ्याकडे बोट दाखवत चारचौघांत बोलून गेला, या येसाजीने मला मात दिली की येतो. लोक पोट धरून हसले. मी तर निर्धास्तच झालो, कारण तो गेला तर माझी संध्याकाळ गेली.

परवा विठू आलेला असतानाच आम्ही भिवाजीच्या ओटीवर डाव मांडून बसलो. भिवाजी पेंढ्याचा भारा टाकून नुकताच टेकला होता, मान घामाने ओली. वजीर निघाला, घोडे निघाले, राजा मात्र जागच्या जागी. मला वाटलं, विसरला असेल. माझ्या उंटाला उघड शह दिसत होता. मी मुकाट्याने प्यादं सारलं. पुढच्या खेपेलाही राजा हलला नाही आणि वजीर भलतीकडेच फिरत राहिला. मी आणखी एक प्यादं सारलं. मी हरायला बसलो होतो आणि हा बाबा मला हरूही देईना.

“राजा उडव की रं,” मी हळूच म्हणालो.

“तुला शह दिसत नाय का?”

“दिसतोय.”

“मग दे ना रं.” त्याने परड्याकडे पाहिलं. विठू म्हशीला पाणी दाखवत होता. “माज्यानं आता होत नाय, येसा. पन पोराला कसं सांगू?”

मी शह दिला. राजाची उडी गेली. मग हत्ती पुढे आणला आणि सगळं संपलं.

भिवाजीने विठूला हाक मारली आणि चिडक्या आवाजात सांगितलं, की येशाने दगा केला, आता शब्द पाळणं आलं. विठूचा चेहरा खुलला, तो माझ्याच पाया पडला. भिवाजी माझ्या खांद्याला धरून उठला आणि उठल्यावरही हात तिथेच राहिला.

आयुष्यात पहिल्यांदा जिंकलो आणि मला त्याचा भयंकर राग आला. त्याने आपल्या राजाची सोय लावली. उद्यापासून संध्याकाळी मी कुणाच्या ओटीवर जायचं, ते काही सांगितलं नाही.