थांबली की रुसते

आमच्या लॉन्ड्रीची व्हॅन बाबांनी जुनीच घेतली होती, त्यामुळे आता तिचं वय विचारायची सोय उरलेली नाही. थंडीत ती पहिल्याच सेल्फला उठायची. उन्हाळा लागला की मात्र तिला खोड लागायची. हॉटेलात धुतलेल्या चादरी उतरवाव्यात, मळक्या भराव्यात आणि किल्ली फिरवावी, तर सेल्फ घुर्र घुर्र फिरतोय, पण इंजिन पेटायचं नाव नाही. अर्ध्या तासाने, कुणी काही न करता, शहाण्यासारखी सुरू.

एका उन्हाळ्यात तर ती इस्पितळाच्या फाटकातच अडकली, तीही रुग्णवाहिकेच्या वाटेत. दादाने आणि पहारेकऱ्याने घामाघूम होत ती ढकलून बाजूला केली. दादा घरी आला तो गाडी भंगारात काढायची, असं ठरवूनच.

वहिनी लॉन्ड्रीतली यंत्रं सांभाळते. दादाचं सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली की काढायची तर काढा, पण तिला झालंय काय ते आधी मला कळू दे.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजाऱ्यांच्या मते बॅटरी, दादाच्या मित्राच्या मते भेसळीचं पेट्रोल. आमचे मेकॅनिककाका मात्र जाणते. त्यांनी सांगितलं की उष्णतेने पेट्रोलची पंपातच वाफ होत असेल, पंपावर ओलं फडकं टाकून बघा. पुढच्या वेळी दादाने टाकलं आणि थोड्या वेळाने गाडी सुरू झाली. सगळ्यांचं समाधान झालं, वहिनी सोडून.

"फडकं टाकलं नसतं तरी तेवढ्या वेळाने ती सुरू झालीच असती की," चादरीची दोन टोकं माझ्या हातात देत ती म्हणाली. "मग गुण फडक्याचा की वेळेचा?"

मी टोकं ताणून धरली. वहिनी घडी घालता घालता बोलत राहिली. सेल्फ जोरात फिरतो, म्हणजे बॅटरी निर्दोष. चालता चालता गाडी कधीच बंद पडत नाही, थांबली की रुसते. कारण थांबल्यावर वारा लागत नाही, इंजिनातलं पाणी फिरत नाही आणि बॉनेटखालचा ताप उलट वाढतो. त्या तापात एकतर पेट्रोल पोचत नाही, नाहीतर ठिणगी पडत नाही. काकांकडे नेईपर्यंत गाडी गार होते, म्हणून त्यांना काही सापडत नाही. तेव्हा तिला रुसलेली असतानाच पकडायला हवी.

रविवारी भर दुपारी आम्ही दोघी निघालो. वहिनीने गाडी गावाबाहेरच्या चढावर दमवून आणली, अंगणात उन्हात उभी केली आणि बॉनेट मुद्दाम बंद ठेवलं. जरा वेळाने किल्ली फिरवली, तर गाडी एका फटक्यात सुरू! खिडकीतून दादा म्हणाला की गाडी चालू झाली म्हणून तोंड पाडणारी बाई तो पहिल्यांदाच पाहतोय. वहिनीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पुन्हा चढ, पुन्हा ऊन. या खेपेला सेल्फ नुसताच फिरत राहिला आणि वहिनीचा चेहरा उजळला.

तिने ठिणगी पाडणाऱ्या एका प्लगची वायर काढून जादा प्लगला लावली, लॉन्ड्रीतल्या जाड रबरी हातमोज्यांत तो धरून इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. ठिणगी नाही. तरी काकांच्या पंपावर अन्याय नको म्हणून आधी त्याच्यावर ओलं फडकं टाकून पाहिलं. ठिणगी नाहीच. मग किल्ली बंद करवून तिने दुसरं फडकं घट्ट पिळलं आणि कॉईलला, म्हणजे प्लगना वीज पुरवणाऱ्या त्या काळ्या डब्याला, गुंडाळलं. कॉईल जरा निवल्यावर तिने फडकं काढलं, प्लग पुन्हा टेकवला आणि मी सेल्फ मारला, तर प्लगच्या टोकावर लख्ख निळी ठिणगी. वायर जागच्या जागी बसवली आणि गाडी सुरू झाली.

मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते. वहिनी म्हणाली, "थांब. एकदा जमलं तर योगायोगही असेल."

मग तिसऱ्यांदा चढ. गाडी रुसल्याबरोबर, पंपाकडे न जाता, फडकं थेट कॉईलवर. पाचेक मिनिटांत गाडी सुरू झाली. तोवर दादा खाली आला होता. अजून गरमच असलेल्या कॉईलला बोट लावून त्याने ते झटकन मागे घेतलं. म्हणाला, "इतकी वर्षं मी नुसता चिडत होतो. तू बघितलंस."

दुसऱ्या दिवशी काकांनी वहिनीकडून सगळं पुन्हा करवून घेतलं. मध्येमध्ये ते एखादा प्रश्न विचारत आणि उत्तर ऐकून मान डोलावत. कॉईल आतून जुनी झाली होती आणि बसवलेलीही होती धुराच्या तापलेल्या पाइपाला खेटून. त्यांनी नवी कॉईल पलीकडच्या गार बाजूला लावली. पंप धरून बसलो ही माझीच चूक, असं ते मोकळेपणाने म्हणाले. गाडीने पुढे सगळा उन्हाळा कुरकुर केली नाही.

त्या दिवशी जाताना काका आमच्या फाटकाशी घुटमळले. त्यांच्याकडे एक ट्रक आला होता, तो फक्त पावसात मध्येच आचके द्यायचा. "सवड असेल तर येऊन बघाल का? दोन डोकी असलेली बरी."

वहिनीने हातातली चादर माझ्या खांद्यावर टाकली आणि विचारलं, "मध्येच म्हणजे नेमकं कधी?" दोघं बोलत बोलत रस्त्याला लागली.