काळा ठिपका

"ब्याऐंशी." देवश्रीनं तापमान मोजायच्या बंदुकीवरचा आकडा वाचला आणि पेचकस उचलला. "थंडच आहे अजून. सुई कसते."

दसऱ्यानंतरच्या रविवारी धारच्या मैदानावर रिमोटच्या गाड्यांची शर्यत होती. हातभर लांबीच्या या गाड्यांना खरं इंजिन असतं, लिंबाहून थोडं मोठं. सुई कसली की इंधन कमी जातं, गाडी जोरात पळते आणि इंजिन तापतं. फारच तापलं तर कायमचं जाम. देवश्रीचं पहिलं इंजिन उन्हाळ्यात असंच गेलं होतं, आणि तेव्हाही बंदूक ऐंशीच सांगत होती. हे दुसरं. तिसरं येणार नव्हतं, हे मायलेकींना न बोलता ठाऊक होतं.

दोष बंदुकीचाच, असं क्लबात ठरलं होतं. म्हणून क्लबातल्याच विक्रमसिंहानं आपली मोठी, नेम दाखवायला लाल ठिपका पाडणारी बंदूक दोन दिवस त्यांच्याकडे वापरून बघायला ठेवली होती. आता त्यानं ती स्वतःच रोखली. सत्त्याऐंशी.

"देख लो काकीजी, ठंडा ही है. पर मेरी वाली ले लो, दूर से पकड़ती है."

काकीजी म्हणजे देवश्रीची आई, लतिका. देवासच्या एका कारखान्यात मापयंत्रं तपासायच्या खोलीत तिची सव्वीस वर्षं गेली होती. सासरी कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं असे, ती काटे बघते. कालच घरी तिनं दोन्ही बंदुका आधी बर्फाच्या पाण्यावर आणि मग उकळत्या पाण्यावर रोखून पाहिल्या होत्या. देवासला पाणी अठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळतं; दोघींनी तेवढंच सांगितलं होतं. घरी खरं बोलणाऱ्या बंदुका मैदानावर खोटं कशाला बोलतील?

ती इंजिनावर वाकली, तर माथ्यात तिला स्वतःचा चष्मा दिसला.

मराठ्यांबरोबर माळव्यात आलेलं हे घराणं. तलवारी गेल्या, खंडेनवमी उरली. आता पूजेला पाने, पकडी आणि देवश्रीची गाडी असते. पूजेआधी हत्यार लखलखलं पाहिजे, म्हणून पोरीनं इंजिनाचा माथा पॉलिश लावून आरशासारखा केला होता. गेल्या वर्षी पहिल्या इंजिनाचाही केला होता, आणि पुढे तशीच चमक राखली होती.

"थांब," लतिका म्हणाली. बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब तिनं माथ्यावर सोडला. तो चर्रकन उडून गेला.

"ब्याऐंशीला पाणी असं उडत नाही, देवू."

"पण आई, दोन-दोन गन एकसाथ कशा चुकतील?"

"त्या नाही चुकत. चकचकीत धातू आपली उष्णता फारशी बाहेर सोडत नाही, वर आभाळाचं प्रतिबिंब दाखवतो. बंदूक बिचारी दिसेल ते वाचते."

इंजिन निवल्यावर तिनं पर्समधला काळा मार्कर काढून माथ्यावर बोटाच्या पेराएवढा ठिपका भरला. विक्रमसिंह हसला, गाडीला नजर लागते का म्हणाला. देवश्रीचा चेहरा उतरला. दोन संध्याकाळी घासलं होतं तिनं.

गाडी पाच मिनिटं पुन्हा फिरवली. छोटी बंदूक ठिपक्याला जवळजवळ टेकवून लतिकानं दाबली. एकशे चौतीस. एकशे वीसच्या पुढे अशी इंजिनं धोक्यात येतात. विक्रमसिंहाची लांबून नव्व्याण्णव म्हणाली. जवळ नेली तेव्हा तिचा लाल ठिपका एकीकडे आणि मोजणी भलतीकडचीच.

"भिया, तुमची बंदूक चांगलीच आहे," लतिका म्हणाली. "पण लांबून ती ठिपक्याबरोबर आजूबाजूचंही मोजते. आपल्याला एवढीशी जागा बघायची, तीही जवळून. आमची छोटीच पुरे."

देवश्रीनं हातातल्या पेचकसाकडे पाहिलं. मघाशी सुई कसली असती तर, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिनं सुई उलटी, सैल फिरवली, आणि मार्कर मागून घेऊन ठिपक्याच्या कडा स्वतः नीट भरल्या.

शर्यतीत चालवणारे उंच माचावर उभे राहतात. गाडी इंधनाला आत आली की खालचा माणूस ती भरतो. दर वेळी देवश्रीचा खालचा माणूस क्लबातला कुणीतरी असे. आज तिनं इंधनाची बाटली आईच्या हातात दिली.

सातव्या मिनिटाला गाडी आत आली. लतिकानं पदर खोचून ती उचलली, इंधन भरलं, बंदूक लावली. माचावरून बंदुकीवरचा आकडा दिसत नव्हता.

"आई?"

"एकशे अकरा. पळव."

देवश्रीनं पुन्हा विचारलं नाही. गाडी जमिनीला टेकली तशी सुटली. आठ इंजिनांच्या कल्लोळात एकाचा सूर अगदी एकसारखा होता, आणि तो कुठल्या वळणावर आहे हे लतिकाला मान न वळवता कळत होतं.