दर तीन महिन्यांची दुर्बीण

रंगारीकाकांना दुर्बिणीची भीती वाटत नसे, असं म्हणणं म्हणजे शुद्ध थाप. मूत्रमार्गातून नळी आत सरकायला लागली की भल्याभल्यांची बोबडी वळते, तिथे काका कोण लागून गेले! पण तपासणीची तारीख जवळ आली, की आठवडाभर आधीच त्यांचा शर्ट इस्त्री होऊन खुर्चीवर लटकलेला असे. कारण त्या खोलीत सिस्टर असायची. पेशंटचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून ती म्हणे, "काका, काहीतरी सांगा बघू." मग काका सुटायचे. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी हौसेने मांजर पाळलं आणि आता त्याच कशा दिवसभर शिंकतात, असलं तीन महिन्यांचं साठलेलं सगळं ते सात-आठ मिनिटांत ओतून मोकळे होत. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. लेक परदेशातून दर रविवारी फोन करी. "बाबा, औषधं घेता ना?" "घेतो." संपलं बोलणं.

चौतीस वर्षं त्यांनी सूत रंगवायच्या कारखान्यात काढली होती. मूत्राशयाचा कर्करोग बहुधा तिथल्या रंगांनीच दिला असावा, असं डॉक्टरांचं मत. गाठ काढली त्यालाही आता तीन वर्षं झाली होती.

या वेळी डॉक्टर भलतेच खुशीत होते. गेल्या आठ खेपा दुर्बिणीबरोबर काकांची लघवीही एका नव्या चाचणीसाठी प्रयोगशाळेत जात होती.

"साध्या पेशी विभागता विभागता आतून झिजत जातात आणि एक दिवस थकतात," डॉक्टर सांगू लागले. "कर्करोगाच्या पेशी मात्र टेलोमरेज नावाचं द्रव्य वापरून ती झीज भरून काढतात. म्हाताऱ्याच होत नाहीत लेकाच्या! ते द्रव्य तुमच्या लघवीत आठही वेळा सापडलं नाही. दुर्बिणीतही काही नाही."

"म्हणजे माझ्या पेशी झिजतायत?"

"मस्त झिजतायत! आता दुर्बीण वर्षातून एकदाच. एरवी लघवीची बाटली प्रयोगशाळेच्या खिडकीवर द्यायची आणि सरळ घरी जायचं."

काकांनी हात जोडून आभार मानले. जिन्यात मात्र त्यांना रडू फुटलं, आणि आनंदाचं म्हणून ते खपलंही.

तीन महिन्यांनी ते खिडकीवर गेले. आतल्या माणसाने मानही वर न करता बाटलीवर चिठ्ठी डकवली आणि फॉर्म पुढे सरकवला. 'लघवीतून रक्त गेलं का?' काकांनी 'हो'वर खूण केली. ती किती सहज झाली, याचं त्यांना नंतर वाईट वाटलं.

तिसऱ्याच दिवशी दुर्बिणीसाठी बोलावणं आलं. सिस्टरने फॉर्म वाचला.

"काका, रक्ताचा रंग कसा होता?"

"लाल."

तिने फॉर्मवरून नजर वर केली. मागे तिच्या स्वेटरकडे बघून याच माणसाने सुनावलं होतं, की हा काही लाल नव्हे, विटकरीत चिमूटभर जांभळं पडलंय, दोन धुण्यांत उतरेल.

"नुसता लाल?"

टेबलावर आडवे झालेले काका अंगावरची चादर सारखी करू लागले.

"बाहेर एक बाई बसल्यात," ती हळूच म्हणाली. "त्यांना खरंच रक्त जातंय. त्यांना मागे ठेवून तुम्हाला आत घेतलंय. शिवाय रक्त गेलं म्हटल्यावर ती नवी चाचणी चुकली अशी नोंद होईल, ते वेगळंच."

काकांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"नव्हतं गेलं रक्त," ते म्हणाले. "तीन महिने कुणाशी धड बोललो नाही हो. तुम्ही विचारता. बाकी कुणी विचारत नाही."

सिस्टरने फॉर्मवरचं 'हो' खोडलं, शेजारी त्यांची सही घेतली आणि दारातून त्या बाईंना हाक मारून कपडे बदलायला सांगितलं. मग स्टूल ओढून ती काकांजवळ बसली.

"पाच मिनिटं आहेत. आज नळी नाही की काही नाही. सांगा निवांत."

काकांनी तोंड उघडलं. येताना सगळं घोकून आले होते, पण आता एक म्हणता एक आठवेना.

"तुमचं... ठीक ना?" त्यांनी विचारलं.

"ठीक."

पडद्यापलीकडे त्या बाईंच्या चपला वाजल्या, तसे काका उठले आणि त्यांनी टेबल मोकळं करून दिलं.