खापराजवळची जागा

कामिनीनं उजव्या मनगटाचं बटण काढलं आणि बाही घडी घालत घालत कोपराच्या वर, थेट दंडापर्यंत चढवली. मग डावी. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या उन्हात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घातलेली अंगणात ती एकटीच होती. तिनं बाह्या सारल्या तेव्हा पुरण वाटणाऱ्या, आंबे पिळणाऱ्या बायकांचे हात क्षणभर थांबले. कोपरामागून सैल कातडीची घडी लोंबत होती, आणि ती लपवायला कामिनीनं काहीच केलं नाही.

"चारू, आज खापरावर मी बसते," ती म्हणाली.

चारुलता तिच्या भावाची बायको. चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापराखाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या सारून ती पाटावर बसायच्या बेतात होती. तिनं नणंदेच्या हातांकडे पाहिलं, पटकन नजर काढून घेतली आणि ओसरीवर बसलेल्या शेवंताबाईंकडे बघितलं. खापरावर कोणी बसायचं हे या घरात त्याच ठरवत.

शेवंताबाई कामिनीची काकू, पंच्याहत्तरीला आलेल्या. कामिनी सहा वर्षांची असताना तिची आई गेली. तिला न्हाऊमाखू घालून वाढवलं ते यांनीच, आणि मांडे शिकवले तेही यांनीच. पुरण भरलेला गोळा हातांच्या पालथ्या बाजूंवर तोलायचा, मनगटावरून कोपराकडे फिरवत फिरवत चादरीसारखा ताणायचा आणि न फाटता खापरावर सोडायचा, हे गावात कामिनीसारखं कोणाला जमत नसे. कॉलेजात असतानाच शेजारपाजारच्या लग्नांत तिला हक्काचं बोलावणं यायचं. लग्न होऊन धुळ्याला गेली तरी दर अखाजीला माहेरी यायची, आणि पितरांच्या नावानं पुजलेल्या घागरीपुढचा पहिला मांडा तिच्याच हातचा असायचा.

गेल्या वर्षी मात्र चौथाच मांडा तिच्या हातांवरून घसरून चुलीतल्या राखेत गेला. हात लटलट कापत होते. शेवंताबाईंनी तिला धरून उठवलं, आणि खापर चारुलताकडे गेलं.

"तू बठ माय," त्या आताही म्हणाल्या. "आंबासना रस काढ. तुना हातमा जीव नही ऱ्हायना."

"शे काकू. करू दे. पयले दहा करसू. फाटना ते उठसू."

"डॉक्टरले इचारेल शे ना व?" शेजारच्या लताबाईंनी आंबा पिळता पिळता विचारलं.

इथेच तर सगळं घोडं पेंड खात होतं. धुळ्यातले डॉक्टर कामिनीची पाठ थोपटत होते. अडीच वर्षांपूर्वी तिचं वजन एकशे अठरा किलो होतं. ती ज्या कॉलेजच्या ग्रंथालयात काम करायची तिथे पोचायला दोन जिने चढावे लागत, आणि त्या दोन जिन्यांत ती तीनदा थांबायची. एक दिवस तिनं मनावर घेतलं. साखर सोडली, भात सोडला, पुरणाला तर दारातही उभं केलं नाही. रोज पहाटे पांझरा नदीच्या काठानं चालली. चौपन्न किलो उतरवले. पण गावाला हे पटेना. कोणी जाणूनबुजून वाळतं का? माणूस वाळतं ते दुखण्यानं. गावानं आधी तिला मधुमेह लावला, मग थायरॉइड, आणि मांडा राखेत पडल्यावर तर लोक दुखण्याचं नावच घेईनात, नुसते हळहळायला लागले. पूर्ण बाह्यांचे ब्लाउज तिनं त्यानंतर शिवले. स्वतःच्या कातडीची तिला लाज नव्हती; लोकांची कीव मात्र सोसत नव्हती.

खरं म्हणजे राखेतल्या त्या मांड्यानंच तिचे डोळे उघडले होते. वजनाबरोबर हातातलं बळही उतरलं होतं, आणि हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. धुळ्यातल्या देवपुरात बायकांना व्यायाम शिकवणाऱ्या ममतानं तिचा दंड चाचपून स्पष्ट सांगितलं, "कातडी तिच्या सवडीनं आवळेल. नाहीच आवळली तर तशीच राहील. तिच्यामागे लागू नका ताई. आतले स्नायू कमवा, तेवढं आपल्याला करता येतं."

मग वर्षभर डाळी, पनीर, ताक आणि डंबेल्स. रविवारी सकाळी स्वयंपाकघरात कणकेचा एकच गोळा, पुरण न घालता. ताणायचा, पालथ्या पातेल्यावर टाकायचा, पुन्हा गोळा करायचा, पुन्हा ताणायचा. नवरा, हितेंद्र, चहाचा कप घेऊन दारात उभा राहून मोजायचा. पहिल्या रविवारी त्यानं सहा मोजले होते. गेल्या रविवारी पन्नास झाल्यावर तो मोजायचं सोडून दाढी करायला निघून गेला.

शेवंताबाईंनी चारुलताकडे पाहून मान हलवली. ती बाजूला झाली आणि तिनं पाट मोकळा केला.

कामिनीनं तळहातांना तेल लावलं. गोळा थापून थोडा पसरला, हातांवर घेतला आणि फिरवायला लागली. हा घागरीचा मांडा. पितरांपुढे फाटका ठेवत नाहीत. गोळा मनगटांवर आला, वाढत वाढत कोपरांपर्यंत पोचला. प्रत्येक फेऱ्याबरोबर दंडाखालची कातडी मागेपुढे हलत होती. लताबाईंनी तोंडाला पदर लावला. कामिनीला ते दिसलं. तिनं कोपरं फासळ्यांजवळ घेतली, खांदे सैल सोडले आणि आणखी दोन फेरे घेतले. मांडा इतका पातळ झाला की तिच्या साडीचा हिरवा काठ त्यातून दिसायला लागला. मग एका झोक्यात तिनं तो खापरावर सोडला. कुठे भोक नाही की सुरकुती नाही.

चारुलतानं भाजलेला मांडा घडी घालून परातीत ठेवला आणि आत घागरीपाशी नेला. दुसरा झाला, तिसरा झाला. चौथ्याच्या वेळी लताबाईंचा हात आंब्यावरच थांबला. चौथाही नीट खापरावर गेला. दहावा झाल्यावर कामिनीनं मान वर न करता पुढचा गोळा घेतला. अकराव्याला मात्र कडेला रुपयाएवढं भोक पडलं.

"फाटना," लताबाई म्हणाल्या.

"फाटना. पन बोली दहानी व्हती."

बायका हसल्या. चारुलता तर परात खाली ठेवून हसली. कामिनीनं भोकावर कणकेचा तुकडा दाबला, तोही भाजला आणि बाराव्याला हात घातला.

दुपारपर्यंत अठ्ठावन्न मांडे झाले. तिचे खांदे भरून आले होते, कपाळावरचा घाम भुवयांत उतरत होता, आणि कामिनीची छाती अभिमानानं नुसती फुलून आली होती. काट्यावर चौसष्टचा आकडा पाहिला त्या दिवशीही तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. आपण काय घालवलं ते काटा सांगायचा. काय कमावलं ते आज अख्ख्या अंगणानं पाहिलं होतं. बाह्या कधीच्या वर सरकून खांद्याशी गोळा झाल्या होत्या, तिला त्याचं भानही नव्हतं.

पुरुषांची पंगत उठली. बायकांची पानं मांडून झाली. तेव्हा शेवंताबाई ओसरीवरून उठल्या, एका हातात काठी आणि दुसऱ्यात ताट घेऊन खापरापाशी आल्या आणि कामिनीसमोर बसल्या.

"दे माले एक."

चारुलता चकित झाली. "काकू, तुम्ही तर मांडा सोडलाय ना? दोन अखाज्या झाल्या. पोटाला बाधतो म्हणाला होतात."

"पोटले काय धाड व्हयनी?" शेवंताबाई तिच्याकडे न पाहता म्हणाल्या. "मुक्ताईनगरले जाईसन नवस बोलेल शे. मनी पोरनं आंग भरत नही, तवलोंग मांडा तोंडमा टाकाना नही."

कामिनीचे हात जागच्या जागी थांबले. ती धुळ्यात पुरणाकडे पाठ करून बसली होती, अंगावरचं मांस उतरावं म्हणून. आणि त्याच दिवसांत इथे ही म्हातारी, सणाच्या ताटात मांड्याशिवाय दुसऱ्या कशाकडे न बघणारी, तेच मांस परत यावं म्हणून रस आणि कुरडईवर दोन अखाज्या काढत होती. कामिनीला हसू आलं, आणि डोळेही भरून आले.

"पन काकू, आंग कोठे भरनं? देख ना," ती म्हणाली आणि पिठानं माखलेला हात पुढे केला. कातडीची घडी खाली ओघळली.

शेवंताबाईंनी तो हात आपल्या मांडीवर घेतला. घडी दोन बोटांनी बाजूला सारली आणि अंगठ्यानं दंड दाबला. मग जरा वर सरकून पुन्हा दाबला. अंगठा आत जात नव्हता.

"भरनं," त्या म्हणाल्या आणि ताट पुढे सरकवलं.