तीन बटणं

“हेळव्वा.” म्हणजे सांग गं पोरी. सोळा वर्षांपूर्वीचा आईचा तो आवाज आज पुन्हा कानाशी आला, तशी दर्शनाने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“कानडी कुठनं येणार गो बाय आमाला?” पलीकडे हेडमास्तर हसत होते. “शेट्टीच्या हाटेलात डोसे खाल्ले, तेवढीच कानडी.”

तिने यादीतलं शेवटचं नाव खोडलं. चिपळूणपासून नाटे गावापर्यंत फोन झाले होते. ग्रामपंचायतीच्या मतदानासाठी तहसील कचेरीला कानडी बोलणारा एक कर्मचारी हवा होता. चिरेखाणीवरच्या वाडीत विजापूरकडची दीडशे माणसं मतदार होती. प्रभागात जागा तीन, म्हणून बटणं तीन. ही माणसं एकच दाबून बाहेर येत, नि मत अपुरं राही.

आईही तशीच आली होती. मतदानाच्या खोलीतले साहेब मराठीत ओरडत होते आणि ते काय म्हणतात हे कळेना म्हणून आई दारातल्या दर्शनाकडे बघत होती. हेळव्वा. दर्शनाच्या मागे वर्गातल्या मुली उभ्या होत्या. तिने फ्रॉकची फीत बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. लाल मातीच्या टाचा उचलत आई निघून गेली. त्यानंतर ती मतदानाला गेलीच नाही.

“मिळालं का कुणी?” नायब तहसीलदार टेबलाशी आले.

दर्शनाने यादीची घडी घातली. उलगडली.

“सर, मला येते कानडी.”

सखाराम शिपाई चहा ओतता ओतता थांबला. “तुमास? पाच वरसं आमच्यात बसून म्हावरं खाताव, नि पत्ता नाय लागू दिलात.”

साहेबांनी खुशीत पेन उघडलं. “शिकलात कुठं?”

“घरीच. माहेर माझं त्या वाडीतलंच.”

पेनाला टोपण बसलं.

“स्वतःच्या गावात ड्यूटी देता येत नाही, मॅडम,” ते हळू बोलले. “तुम्हाला ठाऊक आहे.”

ठाऊक होतं. ती अट आदेशावर तिनेच टाइप केली होती.

साहेब गेले. कानडी कर्मचाऱ्याच्या नावाचा रकाना कोराच राहिला. दर्शनाने मोबाईल उचलला. एरवी आईशी बोलायला ती जिन्याखाली जायची. आज खुर्चीवरून उठली नाही. पलीकडून आईचा आवाज आला, तशी तिने तीन बोटं उभी केली, मग एकेक करून टेबलावर दाबली. आईला ती दिसणार नव्हती.

“अव्वा,” ती भरल्या कचेरीत म्हणाली, “मूरु. मूरु बटन ओत्तबेकु.”