दोन हातांची अट

आमच्या छापखान्यातल्या कागद कापायच्या मशीनला दोन बटणं आहेत आणि ती मुद्दाम हातभर अंतरावर बसवलेली आहेत. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच पातं खाली येतं. उजवा हात एका बटणावर, डावा दुसऱ्यावर, आणि पात्याखाली फक्त कागद. मशीन बनवणाऱ्यानं माणसाची जात बरोबर ओळखली होती. एक हात मोकळा राहिला की तो नको तिथं जातो.

तरी लोक अक्कल चालवतातच. उजव्या बटणात पुठ्ठ्याची पाचर ठोकली की ते दाबलेलंच राहतं. मग एका हातानं कागद सरकवत दुसऱ्यानं भराभर कापता येतं. आमच्याकडे ही युक्ती करणाऱ्या बाइंडरला आता सगळे साडेसात म्हणतात. बोटं मोजूनच नाव ठेवलंय. तो त्या नावाला ओ देतो आणि पगाराच्या दिवशी सही डाव्या हातानं करतो.

सतरा वर्षांपूर्वी, लग्नाला दोन महिने झाले असतील, मी आणि बायकोनं ठरवलं की पन्नाशीच्या आत दोघांनी एकाच दिवशी नोकरी सोडायची. ती इस्पितळात डायलिसिसच्या वॉर्डात नर्स. मी कटिंगमास्तर. दोघांचे पगार असे की ऐकणाऱ्यानं हसावं, आणि ज्यांना सांगितलं ते हसलेही. दर महिन्याला पगार झाला की त्याचे तीन वाटे करायचे, दोनांत घर चालवायचं, तिसरा फंडात टाकायचा आणि विसरून जायचं. एवढीच योजना होती. त्यातलं विसरून जाणं सगळ्यात कठीण निघालं.

"बाजार पडला की तू घाबरशील," ती तेव्हाच म्हणाली होती.

"आणि तू?"

"मीपण घाबरेन. म्हणून तर आत्ता बोलतेय."

तेव्हा मला आमचं मशीन आठवलं. मी म्हटलं, खात्याला दोन बटणं बसवू. पासवर्डचा अर्धा भाग माझा, अर्धा तुझा, एकमेकांना सांगायचा नाही. रविवारी सकाळी दोघांनी मिळून खातं उघडायचं. एकानं आपला भाग टाइप करताना दुसऱ्यानं भिंतीकडे तोंड करायचं. काही विकायचं असलं तर दोघांचे हात लागायलाच हवेत. तिला ही कल्पना इतकी आवडली की तिनं माझा गालगुच्चा घेतला. माझ्या डोक्यातून निघालेली आणि तिनं कौतुक केलेली ती पहिली गोष्ट. यादी पुढे फार वाढली नाही.

सतरा वर्षं आम्ही अशी काढली. नातेवाइकांनी आम्हाला चिक्कू म्हटलं, कवडीचुंबक म्हटलं. थोरल्या बहिणीनं तर भरल्या घरात विचारलं, "काय रे, वर जाताना गाठोडं बांधून नेणार आहात का?" आम्ही हसलो आणि तिच्याकडचं जेवण दोनदा वाढून घेतलं. घरात नवं सामान जवळजवळ आलंच नाही. खिडकीजवळचा एक कोपरा मात्र बायकोनं पहिल्या दिवसापासून रिकामा ठेवला. तिथं शेवटच्या ड्यूटीच्या दुसऱ्या दिवशी एक आरामखुर्ची येणार होती. दुपारी तिच्यात बसायचं आणि कुणी हाक मारली तरी उठायचं नाही. तिला जगाकडून एवढंच हवं होतं. दिवसभर माणसं तिला हाक मारत असत आणि ती दिवसभर उठत असे.

गेल्या वर्षी तिच्या गुडघ्यांचे फोटो बघून डॉक्टरांनी सांगितलं, उभ्याची नोकरी आणखी वर्ष, फार तर दीड वर्ष. त्यानंतर चालणं मुश्किल होईल. आम्ही घरी येऊन हिशेब मांडला. अकरा महिने उरले होते. बायको इतक्या दिवसांनी खुदकन हसली. "गुडघ्यांना म्हटलं, जरा दम धरा," ती म्हणाली.

आणि मग बाजार कोसळला.

पहिल्या रविवारी दहावा हिस्सा गेला. दुसऱ्या रविवारी आणखी. तिसऱ्या रविवारी त्याहून जास्त. सतरा वर्षांतला तिसरा हिस्सा तीन आठवड्यांत धुऊन गेला होता. मी म्हटलं, "विकू या. उरलंय तेवढं तरी हातात राहील."

"नाही."

"अगं, शून्यावर जाईपर्यंत बघत बसायचं का?"

"शून्यावर जात नाही. याआधी दोनदा पडलाय, दोनदा वर आलाय. तुझा आवाज बघ कसा झालाय. या आवाजात मी काही विकणार नाही." तिनं खातं बंद केलं आणि कपबशा उचलून आत गेली. जाताना दाराच्या चौकटीला धरून एक क्षण थांबली, तिचा उजवा गुडघा असा अधूनमधून अडतो. मला ते दिसलं आणि मी आणखीनच भडकलो. ज्या गुडघ्यांसाठी हे सगळं चाललंय, तेच हिला कळत नाही, असं मला वाटलं. मला खरंच तसं वाटलं.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. तिचा अर्धा पासवर्ड मला आठ वर्षांपासून ठाऊक होता.

चोरून बघितला नव्हता. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो आणि त्या भिंतीला आम्ही नुकतंच आरशाचं कपाट लावलं होतं. ती एका बोटानं टाइप करते, अक्षर शोधत शोधत. आरशात मला सगळं दिसलं. इंग्रजी अक्षरांत तिनं लिहिलं होतं, खुर्ची. पुढे दोन आकडे. मला हसू आलं आणि पुढच्या रविवारपासून मी खिडकीकडे तोंड करायला लागलो. तिला सांगितलं मात्र नाही. सांगितलं असतं तर पासवर्ड बदलावा लागला असता, आणि खुर्ची हा शब्द तिनं दर रविवारी लिहावा असं मला वाटत होतं. निदान तेव्हा तरी कारण हेच होतं.

मंगळवारी सकाळी बाजार उघडला तोच आणखी खाली. छापखान्यात सगळ्यांच्या तोंडी तोच विषय. मी एका पुस्तकाची पानं तिरकी कापली, दोनशे प्रती वाया घालवल्या. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. साडेसात जवळ येऊन म्हणाला, "मास्तर, लक्ष कुठाय? घरी जा नाहीतर बाजूला बसा. या मशीनला बोटांचा पाहुणचार करू नका."

जेवणाच्या सुट्टीत मी कागदाच्या गोदामात गेलो. रिमांच्या दोन थप्प्यांच्या मधे उभा राहून फोन काढला. माझा भाग टाकला. मग तिचा. खुर्ची लिहिताना एकदा चुकलं, परत लिहिलं. खातं उघडलं. 'सगळं विका' असं लिहिलेल्या चौकोनावर अंगठा ठेवला तेव्हा डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, हे मी तिच्यासाठी करतोय. मी अंगठा दाबला.

खरं सांगू? लगेच फार बरं वाटलं. छातीवरचा दगड उतरला. त्या दुपारी मी एकही पान तिरकं कापलं नाही.

बुधवारी बाजार आणखी थोडा पडला आणि मी स्वतःवर इतका खूश झालो की संध्याकाळी बायकोसाठी गरम पाण्याची पिशवी भरून दिली, पाय चेपून दिले. ती माझ्याकडे बघत राहिली. "आज काय विशेष?" तिनं विचारलं. "काही नाही," मी म्हटलं. रविवारी सांगायचं, असं मी ठरवलं होतं. आणखी चार दिवस पडू दे, मग सांगायचं की बघ, तुझ्या नवऱ्यानं वाचवलं. भाषणसुद्धा तयार होतं.

गुरुवारी बाजार उसळला.

आधी मी लक्ष दिलं नाही. दुपारपर्यंत तो मी विकलं होतं त्या आकड्याच्या वर गेला. संध्याकाळपर्यंत बराच वर. विक्रीचे पैसे खात्यात यायला तीन दिवस लागतात, म्हणजे परत घ्यायचं म्हटलं तरी हातात काही नव्हतं. शुक्रवारी सकाळी पैसे आले तेव्हा बाजार आणखी चढलेला. तेव्हाच परत घ्यायला हवं होतं. पण घेतलं असतं तर गेलेलं कायमचं गेलं असतं, आणि नाही घेतलं तर तो पुन्हा पडण्याची आशा होती. मी देवाचं नाव घेऊन बाजार पडायची वाट बघत होतो. सतरा वर्षं ज्याच्या वर जाण्यावर जगलो, त्याचं वाटोळं व्हावं म्हणून मी मशीनमागे उभा राहून हात जोडत होतो. तो पडला नाही. बाजार बंद झाला तेव्हा मी मनातल्या मनात गुणाकार-भागाकार केला आणि तो पुन्हा केला, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही.

शनिवारी बायकोची सुट्टी होती. ती माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होती, फक्त जरा कमी. भाजी चिरताना तिनं एकदा विचारलं, "तुला काही सांगायचंय का?" मी म्हटलं, "मला? छे." ती परत चिरायला लागली. जेवताना मी अर्धी पोळी ताटातच ठेवली. तिनंही माझ्या ताटात पुन्हा वाढलं नाही.

रविवार उजाडला. चहा झाला. तिनं लॅपटॉप टेबलावर आणला, दोन खुर्च्या ओढल्या आणि नेहमीप्रमाणे म्हणाली, "आधी तू."

मी खुर्चीवर बसलो. कीबोर्डवर बोटं ठेवली. अजून दोन मिनिटांत तिला आकडा दिसणार होता, किंबहुना आकड्याच्या जागी रोख रक्कम दिसणार होती.

"थांब," मी म्हटलं. "मी विकलंय. मंगळवारी. सगळं."

तिनं मान हलवली, जशी ती पेशंटची तक्रार ऐकताना हलवते. मग लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि माझ्या डोळ्यांदेखत टाइप करायला लागली. आधी माझा भाग. माझ्या मशीनच्या पाटीवरचा नंबर, अक्षर न् अक्षर बरोबर. मग खुर्ची. खातं उघडलं.

"तुला माझा भाग...?"

"पहिल्या वर्षापासून. तू टाइप करताना ओठ हलवतोस. भिंतीकडे तोंड केलं तरी पुटपुटणं ऐकू येतं."

"मग तुला कळलं कधी?"

"मंगळवारीच. बाजार पडायला लागल्यापासून रोज जेवणाच्या सुट्टीत उघडून बघत होते. हात मांडीखाली घालून बसायचे. मलाही विकावंसं वाटत होतंच की. काय मी दगड आहे?" पहिल्यांदा तिचा आवाज फुटला. "मंगळवारी उघडलं तर तू आधीच दाबलं होतंस. मागे घ्यायला गेले, घेता येईना."

मला सुचलं ते भलतंच. मी ओरडलो, "अगं, मग शुक्रवारी पैसे आले तेव्हा तरी परत घ्यायचंस! तुला येत होतं ना उघडता? सकाळी घेतलं असतं तर निम्मं नुकसान टळलं असतं!"

तिनं माझ्याकडे बघितलं. "एकट्यानं दाबायचं नाही, असं ठरलं होतं आपलं," ती म्हणाली. "मी वाट बघत होते. मंगळवारपासून रोज. काल तर तोंडावर विचारलं."

मी तिथं रडलो. लपवण्यात अर्थ नाही, चांगला हुंदके देऊन रडलो. तिनं मला जवळ घेतलं नाही आणि दूरही लोटलं नाही. पेन घेऊन वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब केला. नऊ युनिटांमागे एक गेलं होतं. सतरा वर्षांतली जवळजवळ दोन वर्षं. तिनं त्याच्या किती ड्यूट्या होतात ते मांडलं आणि त्या आकड्याभोवती गोल काढला. पाचशेच्या वर होत्या. डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीच्या त्या पलीकडे जात होत्या, हे दोघांनाही दिसलं.

"मी तुझ्या वाटच्या करतो," मी म्हटलं. "रात्रपाळी घेतो, दुसरा छापखाना बघतो. तू ठरल्या दिवशी सोड."

"बघू," ती म्हणाली. "आता हे परत घेऊ या. ये इकडे."

खरेदीचा चौकोन समोर होता. तिनं माझा अंगठा धरून बटणावर ठेवला आणि त्यावर आपला ठेवला. तिचा हात थंड होता, साबणाचा वास येणारा, सालं निघालेला. आम्ही दाबलं.

मग ती उठली. आतल्या खोलीतून इस्त्रीचं टेबल ओढत आणलं. मी मदतीला धावलो, तिनं मानेनंच नको म्हटलं. गुडघा एकदा अडला, ती थांबली, पुन्हा ओढायला लागली. खिडकीजवळच्या रिकाम्या कोपऱ्यात टेबल नीट भिंतीला लावलं, उद्याच्या ड्यूटीचा गणवेश त्यावर पसरला आणि उभ्यानं इस्त्री करायला लागली.