पाणी एकच, रांगा दोन

वाचनालयाच्या हॉलमध्ये सकाळी सकाळी गावातली निम्मी प्रतिष्ठित मंडळी स्वतःच्याच छातीवर धपाधप बुक्के मारत उभी होती. कपाटांच्या काचा थरथरत होत्या. टेलरकाका तालात ठोकत होते, निवृत्त पोस्टमास्तर ताल सोडून, आणि गाण्याच्या बाई इतक्या नाजूक ठोकत होत्या की आतले कुणी झोपले असते तर अजून गाढ झोपले असते. व्यासपीठावर पांढऱ्या सुटात यौवनगुरू उभे होते.

"ठोका," ते म्हणत होते. "छातीच्या मधोमध यौवनलोपी ग्रंथी निजली आहे. नावातच सगळं आलं. तुमचं यौवन लोपलं, ते गेलं कुठं? तिथंच जाऊन बसलंय. दार ठोठावल्याशिवाय बाहेर येईल कसं?"

लोक खूश. इतकी वर्षे हरवलेली वस्तू शर्टाच्या खिशाशेजारीच सापडली म्हटल्यावर कोण खूश होणार नाही? माझे चष्म्याचे दुकान आहे. नजर तरुण झाली म्हणून एक गृहस्थ चष्मा परत करून गेले आणि जाताना माझ्या काचेच्या दारावर आदळले.

खरा चमत्कार मात्र पाण्याचा होता. कोपऱ्यात स्टीलचे मोठे पिंप होते आणि त्याला दोन नळ होते. नवा माणूस निळ्या फितीच्या नळाचे पाणी प्यायचा. चव काहीच नाही. "ग्रंथी झोपलीय हो," म्हणून गुरूंची शिष्या हळहळायची. मग आठवडाभर ठोकाठोक. त्यानंतर सोनेरी फितीचा नळ, आणि तेच पाणी आता तोंड वाकडे होईल इतके तुरट लागायचे. ग्रंथी जागी. टाळ्या.

"दोन नळ कशाला?" मी एकदा विचारले होते.

"पाणी एकच, रांगा दोन," शिष्या गोड हसून म्हणाली. "गर्दी फार होते ना."

ज्याची ग्रंथी जागी झाली त्याने आपली औषधे तिथल्या टोपलीत टाकायची, असा नियम होता. त्या टोपलीत आज माझ्या आईचे इन्शुलिन पडणार होते. मागे एकदा प्रवासात तिच्या सुया चुकल्या, तर तिला थेट दवाखान्यात न्यावे लागले होते. त्यामुळे बाकीची गंमत मी पोट धरून हसत पाहिली असती, पण त्या टोपलीकडे पाहिले की हसू आटायचे.

गंमत म्हणजे आमच्या घरातच या विषयातली शास्त्रज्ञ होती. माझी वहिनी गेली कित्येक वर्षे याच ग्रंथीवर, तिच्यातल्या संप्रेरकांवर आणि जस्तावर संशोधन करते. पण आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तिचे काही चालले नाही.

"आई, ही ग्रंथी, म्हणजे थायमस, असते हे खरं," वहिनी सांगत होती. "आपलं कोण, परकं कोण, हे ती पांढऱ्या पेशींना शिकवते. तिच्या एका संप्रेरकाला जस्त चिकटलं तरच ते काम करतं, हेही खरं. ज्या वयस्क माणसांच्या शरीरात जस्त कमी आहे, त्यांना ते दिलं की प्रतिकारशक्ती थोडी सुधारते. बहुधा."

"बघ, बहुधा," आई म्हणाली. "एवढी वर्षं प्रयोगशाळेत घातलीस आणि हाती काय, तर बहुधा. ते कसं छाती ठोकून सांगतात."

"ठोकायला लावतात ती तुमची, आई. आणि लोपतं ते यौवन नाही. यौवन आलं की ती ग्रंथीच लोपायला लागते, म्हणून तिचं ते नाव."

"मला व्याकरण शिकवू नकोस. रोज दोन वेळा स्वतःच्या पोटात सुई टोचून बघ, मग बोल."

वहिनी ताटे उचलू लागली.

तर आज आई सोनेरी रांगेत उभी राहिली, वहिनी आणि मी बाजूला. पेला तोंडाला लावला आणि तिचा चेहरा लिंबू चावल्यासारखा झाला. "तुरट," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आले. टाळ्या झाल्या. तिने रुमालात गुंडाळलेले इन्शुलिनचे पेन बाहेर काढून टोपलीवर धरले.

"थांबा आई," वहिनी पुढे झाली. "मलाही तहान लागलीय."

"तुमची रांग ती, निळी," शिष्या म्हणाली.

"पाणी एकच आहे ना?"

"एकच."

"मग मी याच नळाचं घेते." वहिनीने सोनेरी नळाखाली पेला धरला, घोट घेतला आणि नाक मुरडले. "तुरट. मी आयुष्यात छाती ठोकलेली नाही."

यौवनगुरूंनी हात जोडले. "आपण जन्मजागृत आहात, ताई. लाखात एक."

वहिनीने पेला मला दिला. मी घोट घेतला आणि खोकलो. वहिनी म्हणाली, "हे माझे दीर. यांनीही कधी ठोकलेलं नाही."

"घराणंच जागृत," गुरू म्हणाले.

"पण मी या घराण्यात लग्न करून आलेय."

हॉलमध्ये खसखस पिकली. खुर्च्या लावायला आलेल्या शिपायाने चूळ भरावी तसा घोट घेतला आणि खिडकीबाहेर थुंकला. तोही लाखात एक निघाला. असे लाखात एक असणारे सगळे नेमके आमच्याच वाचनालयात जमले होते.

आईचा हात अजून टोपलीवरच होता. ती माझ्याकडे वळली. "तू दुकानात काचा बदलून विचारतोस ना, हे बरं की ते? तसंच कर. मी डोळे मिटते."

शिष्या नळ झाकायला धावली, तशी गाण्याच्या बाईंनी तिला कोपराने बाजूला केले. ठोकण्यात नाजूक असल्या तरी बाईंचे कोपर दणकट होते. मी दोन नळांचे दोन पेले भरले आणि एक आईच्या हातात दिला.

"काही चव नाही," आई म्हणाली. "आत्ता तर जागी होती. इतक्यात झोपली?"

दुसरा पेला. "तुरट. उठली वाटतं."

पुन्हा पहिला. "परत झोपली. माझी ग्रंथी आहे की रात्रपाळीचा वॉचमन?"

मग काय, सगळा हॉल डोळे मिटून पाणी मागू लागला. "झोपली", "उठली", "पुन्हा झोपली" असा एकच गलका झाला. टेलरकाकांनी पिंपाचे झाकण उचलले. आत मधोमध पत्रा जोडला होता. अलीकडे एक पाणी, पलीकडे दुसरे.

"एका बाजूला साधं पाणी, दुसऱ्या बाजूला बहुधा झिंक सल्फेट," वहिनी म्हणाली. "जस्ताचा क्षार. लहान मुलांना जुलाब झाले की डॉक्टर जस्त मोजून देतात. इथं न मोजता घातलंय. असं पाणी कुणालाही तुरटच लागतं, ठोका किंवा ठोकू नका. आणि जस्त जास्त झालं की शरीरातलं तांबं घटतं, पांढऱ्या पेशीही घटतात. म्हणजे प्रतिकारशक्ती वाढवायला आलात आणि उरलेली देऊन निघालात."

यौवनगुरूंनी उत्तर द्यायला तोंड उघडले, पण पोस्टमास्तरांनी त्यांच्यापुढे दोन पेले धरले. "डोळे मिटून सांगा." गुरूंना अचानक दुसऱ्या गावचा कार्यक्रम आठवला आणि ते मागच्या दाराने निघून गेले.

"आता विश्वास ठेवायचा तरी कुणावर?" टेलरकाका पडेल आवाजात म्हणाले.

"माझ्यावरही लगेच ठेवू नका," वहिनी म्हणाली. "जो कुणी नवल दाखवील त्याला सांगा, डोळे मिटतो, पेले बदल. प्रामाणिक माणूस दोन्ही पेले हातात देतो. मी चुकले तर तेही असंच कळायला हवं. म्हणून तर मी बहुधा म्हणते."

"आणि माझ्या सुईचंही बहुधाच का?" आईने विचारले.

"नाही. इन्शुलिन बंद केलंत तर तुम्ही आमच्यात राहणार नाही, आई."

लोक टोपलीत आपापल्या गोळ्या शोधत होते, तेवढ्यात आई कपाटाआडच्या बाकावर जाऊन बसली. वहिनीने नाश्त्याचा डबा तिच्या शेजारी ठेवला. आईने पेन हातात घेतले, डोळे घट्ट मिटले आणि सुई टोचली.

"दुखलं?" वहिनीने विचारले.

"दुखलं," आई म्हणाली. "डोळे मिटले तरी तेवढंच दुखतं. म्हणजे खरं आहे हे."